पाहुण्यांचं जाळं

ईसाफ्योर्दुरच्या बंदरावर मी ट्रॉलरची जाळी सांधते.
भोक कुठं हवं, कुठं नको,
एवढंच माझं शिक्षण.
दोन बोटं गेली तर ठीक, मूठ गेली तर उसवलंय.
म्हणून वाटलं होतं, फिल्टर आपल्याला जमेल.

नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य डोंगरामागे गेला.
डिसेंबरात शाळेतून निरोप आला: ह्लीनुर वर्गात झोपतो.
मी महिन्याला नऊशे क्रोनांचा फिल्टर घेतला,
'व्हिडिओ' या शब्दापुढे खूण केली
आणि सुटल्यासारखी कॉफी प्यायले.

रात्री पावणेदोनला
त्याच्या दाराखालून निळा उजेड.

राउटर बंद केला. तीसपर्यंत मोजलं. चालू केला.
माझ्या फोनवर साइट उघडेना,
टीव्हीवर उघडेना,
मी खूश, आणि दाराखाली पुन्हा निळं.

मदतकेंद्रातला स्तीगुर, आवाजावरून विशीतला,
म्हणाला, ब्राउझरची आठवण पुसा.
पुसली.
म्हणाला, तो परस्पर दुसरीकडे पत्ता विचारत असेल, चोरून,
ती सोय बंद करा.
केली.
म्हणाला, पत्ते दोन तऱ्हांचे असतात, जुने आणि नवे,
तुमचा पहारेकरी जुन्याच दारावर उभा असणार.
नव्या दारालाही कडी घातली.
मग तो जरा थांबला.
"मुलाशी बोलून पाहिलंत का?"
मी म्हटलं, त्यासाठी मी नऊशे क्रोना देत नाही.

खिडकीबाहेर डोंगर.
दोन महिने सूर्य अडवतो,
आणि त्याला कुणी सेटिंग विचारत नाही.

तिसऱ्या रात्री जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली.
माझा फोन, टीव्ही, प्रिंटर,
तळघरातला तो मूर्ख हीटरसुद्धा.
ह्लीनुरचा टॅबलेट नाही.
जो घरात नाहीच, त्याला अडवायचं कसं?

मग बोट खाली सरकलं आणि दिसली
दुसरी, छोटी यादी. पाहुणे.

हे जाळं मीच उन्हाळ्यात टाकलं होतं,
दीर थोरहाल्लुर आठवडाभर राहायला आला तेव्हा.
पासवर्ड अजून फ्रिजवर आहे, चुंबकाखाली,
माझ्याच अक्षरात.
फिल्टर बसवताना पडद्यानं विचारलंही होतं:
पाहुण्यांनाही लावायचा?
मी नाही म्हटलं. बरं दिसत नाही ते.

म्हणजे सात आठवडे माझा मुलगा
या घरात पाहुणा म्हणून राहत होता.
कुंपणाला दोष द्यावा
तर फाटक मीच उघडं ठेवलेलं.

दार ढकललं. तो दचकला नाही, फक्त सरकला,
पलंगावर माझ्यापुरती जागा झाली.
पडद्यावर कुणीतरी गालिचा धूत होतं.
नुसता गालिचा. चिखलानं काळा, कुठल्या तरी पुरातला.
फवारा, ब्रश, काळं पाणी,
पुन्हा फवारा, पुन्हा काळं पाणी.
"हेच पाहतोस?"
"थांब ना. आता लाल येईल."

आणि खरंच, काळ्याखालून एक बोटभर लाल आलं.
बाहेर सकाळचे अकरा वाजले तरी सगळं राखाडी असतं.
मी लाल रंग नीट पाहून किती दिवस झाले होते
ते मोजायला लागले, आणि सोडून दिलं.

तो गालिचा अर्धा असतानाच झोपला.
मी शेवटपर्यंत बसले.

सकाळी पासवर्ड बदलला. फ्रिजवरचा कागद फाडला.
चुंबक तसंच राहिलं, काहीच न धरता.

पंचवीस जानेवारीला डोंगराच्या खांद्यावरून
सूर्य आला, थोडाच वेळ,
शेजारणीनं रीतीप्रमाणे पॅनकेक आणले.
ह्लीनुर डोळे बारीक करून, तोंड भरलेलं,
दोन आठवडे माझ्याशी धड न बोललेला,
म्हणाला,
"वाळल्यावर कसा दिसला गं तो?"

"कडेला निळे पक्षी होते," मी म्हटलं.
"किती?"
मी मोजले नव्हते.